मातीतल्या तणनाशकाची आरशातली जोडी कॅपिलरीत वेगळी करताना

डाईक्लोरप्रॉप म्हणजे उसाच्या फडात सर्रास फवारल्या जाणाऱ्या २,४-डीचाच भाऊ. आम्लगटाशेजारच्या कार्बनवर एक मिथिल जास्त, एवढाच फरक. पण त्या एका मिथिलमुळे त्या कार्बनला चार वेगवेगळे गट लागतात आणि रेणूची दोन रूपं होतात, डाव्या-उजव्या चपलेसारखी. तण मारतं ते आर-रूप. एस-रूप बहुतांशी नुसतंच मातीत जाऊन पडतं. वजन, वितळबिंदू, साध्या वर्णलेखन कॉलममधून बाहेर यायचा वेळ, कशातच दोघांत फरक नाही. मातीतले जिवाणू मात्र ओळखतात, आणि एकाला दुसऱ्यापेक्षा लवकर खातात.

म्हणून या कामात हाती येणारा आकडा 'किती उरलं' एवढाच नसतो, 'कोणतं किती उरलं' हा असतो. त्याला एनॅन्शिओमर अंश म्हणतात: एका रूपाचं प्रमाण भागिले दोन्हींची बेरीज. फवारताना ०.५०. महिन्याभराने ०.३० झाला तर जिवाणूंनी निवड केली असं म्हणता येतं. हे मोजायचं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने: केसासारख्या बारीक काचनळीत, म्हणजे कॅपिलरीत, उच्च विद्युतदाबाखाली रेणू वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि वेगळे होतात. मात्र ही निवड शेतात झाली, की तुमच्या टेबलावर पडलेल्या पिशवीत, हे कॅपिलरी सांगत नाही. खाली बराच वेळ मातीवरच घालवला आहे तो यासाठी.

शिकायला डाईक्लोरप्रॉप घ्यायचं कारण साधं आहे. ते आम्ल आहे, बफरात (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ऋणभारित होतं, त्यामुळे विद्युतक्षेत्रात स्वतःहून सरकतं आणि स्वस्त उदासीन सायक्लोडेक्स्ट्रिनने (साखरेच्या घटकांचं पोकळ कडं, ज्यात एक रूप दुसऱ्यापेक्षा घट्ट बसतं) भागतं. शिवाय २,४-डी हा त्याचा एकरूपी भाऊ चाचणीसाठी हाताशी असतो. त्याचा उपयोग पुढे येईल.

माती: गुणोत्तर इथेच बिघडतं

शेतातून शून्य ते १५ सेंटीमीटर खोलीची माती दहा-बारा ठिकाणांहून घ्या, घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्ध्या किलोवर आणा. प्लास्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढा आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. नाशिकहून निघालेला नमुना कसारा उतरून मुंबईत पोचेपर्यंत चार-पाच तास जातात. ओली माती, ३२ अंश तापमान आणि पुरेशी हवा म्हणजे जिवाणूंची पंगतच. प्रयोगशाळेत आल्याबरोबर उणे २० अंशांवर ठेवा.

पाठ्यपुस्तकात 'सावलीत वाळवावी' असं असतं. ते नत्र-स्फुरद मोजण्यासाठी ठीक आहे. इथे नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, ट्रेमध्ये पसरलेली माती चार दिवसांनीही दमटच राहते, आणि त्या चार दिवसांत गुणोत्तर हललेलं असतं. नमुना ओलाच वापरा. ओलावा वेगळ्या १० ग्रॅम मातीवर १०५ अंशांवर रात्रभर ठेवून काढा आणि हिशेब कोरड्या वजनावर करा. कोरड्या वजनावर २५ टक्के ओलावा असेल तर २० ग्रॅम कोरड्या मातीसाठी २५ ग्रॅम ओली माती तोलायची.

२ मिलिमीटरच्या चाळणीचा प्रश्न काळ्या मातीत येतो. रत्नागिरीची जांभ्याची तांबडी माती ओलीही चाळणीतून उतरते. नाशिक-नगरची काळी माती मात्र जाळीला लोण्यासारखी माखते आणि भोकं बुजतात. ती ४ अंशांच्या थंड खोलीत पसरून ठेवा, अधूनमधून बोटांनी चुरा. ढेकूळ दाबल्यावर चिकटण्याऐवजी फुटायला लागलं की चाळा. पंख्याखाली किंवा ओव्हनजवळ ठेवायची घाई नको.

प्रयोग तुम्ही स्वतः माती भिजवून करणार असाल तर मात्रा प्रतिकिलो १ मिलिग्रॅम ठेवा. हा आकडा शेताशी जुळतो: एका हेक्टरात वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये साधारण २० लाख किलो माती असते, म्हणजे हेक्टरी १ किलो फवारलं तर प्रतिकिलो अर्धा मिलिग्रॅम होतो. ५०० ग्रॅम मातीसाठी ॲसिटोनमधल्या ५०० मिग्रॅ प्रतिलिटर द्रावणाचा १ मिलि घ्या, तो आधी २५ ग्रॅम कोरड्या मातीवर थेंबथेंब सोडा, हूडमध्ये ॲसिटोन पूर्ण उडू द्या, मग उरलेल्या मातीत नीट कालवा. ॲसिटोन सगळ्या मातीवर ओतलं तर जिवाणूच मरतात आणि मग काही घडतच नाही. जलधारण क्षमतेच्या ६० टक्के ओलावा, २५ ते २८ अंश, अंधार. नमुने ०, १, ३, ७, १४, २१ आणि २८व्या दिवशी काढा.

सोबत निर्जंतुक मातीचा एक संच हवाच: १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह, आणि हेच सलग तीन दिवस, कारण पहिल्या दिवशी वाचलेले बीजाणू दुसऱ्या दिवशी उगवतात. या संचात एनॅन्शिओमर अंश २८ दिवस ०.५० वर टिकला पाहिजे. तो हलला तर दोष तुमच्या हाताळणीत आहे. तो सापडेपर्यंत बाकीचे आकडे बाजूला ठेवा.

मातीतून बाहेर काढणं

२० ग्रॅम (कोरडं वजन) माती १०० मिलिच्या सेंट्रिफ्यूज बाटलीत घ्या. ३२ मिलि ॲसिटोनायट्राइल आणि ८ मिलि पाणी घाला. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने लगद्याचा पीएच २ च्या खाली आणा, म्हणजे डाईक्लोरप्रॉप आयन न होता, भाररहित राहून द्रावकात येईल.

'किती आम्ल' हे मातीवर ठरतं आणि चूक नेमकी इथे होते. जांभ्याच्या मातीला थोडंसं पुरतं. काळ्या मातीत चुनखडी असते. ५ टक्के चुनखडी म्हणजे २० ग्रॅममध्ये १ ग्रॅम, आणि ती संपवायलाच ५ मोलर आम्लाचे ४ मिलि लागतात. ठरावीक अर्धा मिलि घालून पुढे गेलात तर पीएच ७ च्या आसपास परत चढतो आणि निम्मं तणनाशक मातीतच राहतं. आम्ल अर्धा-अर्धा मिलि घाला, ढवळा, फेस बसू द्या, पीएचपट्टीने पाहा. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा, कारण जाड खडे सावकाश विरघळतात. फेस थांबेपर्यंत झाकण घट्ट लावू नका, कार्बन डायऑक्साइडने बाटली फुटते. विरघळलेल्या कॅल्शियममुळे कधी कधी ॲसिटोनायट्राइल वेगळं होऊन दोन थर दिसतात. घाबरू नका, दोन्ही थर घ्या.

मिथेनॉल का नाही? आम्ल घातलेलं मिथेनॉल आणि कार्बोक्सिलिक आम्ल रात्रभर एकत्र राहिलं की मिथिल एस्टर तयार होतं. एस्टरला भार नसतो, ते कॅपिलरीत तटस्थ पदार्थांबरोबर निघून जातं आणि उतारा (मातीतून परत मिळालेलं प्रमाण) कमी दिसतो. आणि सोडियम हायड्रॉक्साइडने गरम करून काढण्याचा मोह टाळा. तीव्र अल्कलीत उष्णता दिली तर तो कायरल (चार वेगवेगळे गट असलेला) कार्बन आपला हायड्रोजन सोडून पुन्हा पकडू शकतो आणि दोन रूपं एकमेकांत मिसळतात. उतारा ९५ टक्के आणि गुणोत्तर खोटं, असं होतं.

एक तास हलवा, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण काढा, हेच आणखी एकदा. दोन्ही एकत्र करून रोटरी बाष्पकात ४० अंशांवर ॲसिटोनायट्राइल उडवा. उरलेल्या पाण्यात चहाच्या गाळासारखे तपकिरी कण दिसू लागतील. ते ह्युमिक आम्ल (मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं), पीएच २ ला ते बाहेर पडतं. पीएच २ च्या पाण्याने १०० मिलिपर्यंत भरा, काचतंतूच्या गाळणीतून गाळा, गाळ त्याच पाण्याने थोडा धुऊन घ्या.

आता २०० मिलिग्रॅमचं पॉलिमर भरलेलं घन-प्रावस्था काडतूस (नमुन्यातलं तणनाशक धरून ठेवणारी छोटी नळी) घ्या. ५ मिलि ॲसिटोनायट्राइल, ५ मिलि पीएच २ चं पाणी, मग नमुना मिनिटाला ३ ते ५ मिलि वेगाने. धुवायला साधं पाणी नको, ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचे ५ मिलि दोनदा वापरा. ते क्लोराइड आणि कॅल्शियम धुऊन काढतं, तणनाशकाला आयन होऊ देत नाही, आणि स्वतः उडून जातं. मीठ मागे राहिलं तर कॅपिलरीत नमुन्याचा पट्टा दाटत नाही, शिखर (शोधकाच्या आलेखावरचा उंचवटा) पसरतं. निर्वातावर १० मिनिटं कोरडं करा. ३ मिलि ॲसिटोनायट्राइलने दोनदा उतरवा, नायट्रोजनखाली ४० अंशांवर कोरडं करा, आणि अर्धा मिलि पातळ बफरात (खालचा बफर दहापट पातळ करून, सायक्लोडेक्स्ट्रिनशिवाय) विरघळवा. गाळणीऐवजी १३,००० फेऱ्यांवर ५ मिनिटं फिरवा.

२० ग्रॅम माती अर्ध्या मिलित आली, म्हणजे ४० पट. सुरुवातीचे प्रतिकिलो १ मिग्रॅ इथे दोन्ही रूपांचे मिळून ४० मिग्रॅ प्रतिलिटर होतात, प्रत्येकी २०. ९५ टक्के नष्ट झाल्यावर प्रत्येकी १ उरतो, आणि ५० मायक्रोमीटरच्या कॅपिलरीत अतिनील शोधकाची मर्यादा जवळपास तिथेच आहे. त्याखाली गुणोत्तर देऊ नका.

बफर आणि कॅपिलरी

हिमसदृश (पाणीविरहित, ग्लेशियल) ॲसेटिक आम्ल ०.३० ग्रॅम सुमारे ८० मिलि पाण्यात घ्या, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.५ करा, १०० मिलि करा. हा ५० मिलिमोलर ॲसिटेट बफर. यातल्या १० मिलिमध्ये ०.३५७ ग्रॅम ट्रायमिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन विरघळवा, म्हणजे २५ मिलिमोलर. पीएच आधी लावायचा, सायक्लोडेक्स्ट्रिन नंतर, आणि मग पीएचला पुन्हा हात लावायचा नाही.

या भुकटीचं द्रावण होत नसेल तर गरम करू नका. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते या सवयीने हात हॉटप्लेटकडे जातो, पण मिथिल लावलेली सायक्लोडेक्स्ट्रिनं उलटी वागतात: तापवलं की द्रावण दुधाळ होतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा मिनिटांनी हलवा, स्वच्छ दिसेल. कॅपिलरीचं तापमानही याचसाठी २० अंश ठेवायचं. १० मिलि बफर बरेच दिवस पुरतो, हीच या पद्धतीची श्रीमंती. कायरल एचपीएलसी (उच्च दाबाच्या द्रव-वर्णलेखन) कॉलमच्या किमतीत अनेक वेगवेगळी सायक्लोडेक्स्ट्रिनं आजमावता येतात.

कॅपिलरी आतून लेप नसलेली, आतला व्यास ५० मायक्रोमीटर, एकूण ६० सेंटीमीटर, शोधकापर्यंत ५०. खिडकीसाठी ३ ते ४ मिलिमीटर पॉलिइमाइड (बाहेरचा संरक्षक लेप) ज्योतीने जाळून मिथेनॉलच्या कापसाने पुसा. तो भाग आता उघडी काच आहे, कॅसेटमध्ये बसवताना तिथेच मोडते. दोन्ही टोकांचाही २ मिलिमीटर बाहेरचा लेप जाळा, नाहीतर तो ॲसिटोनायट्राइलने फुगून तोंडावर झालर धरतो आणि प्रत्येक इंजेक्शन वेगळं येतं.

नवी कॅपिलरी: १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिनिटं, पाणी १०, बफर ३०. दोन धावांच्या मध्ये मात्र फक्त बफर, ४ मिनिटं. अल्कलीने धुऊन लगेच पीएच ५.५ वर आलात तर काचेची भिंत जुना भार तासभर सोडत नाही, विद्युत्-परासरणी प्रवाह (विद्युतदाबाने कॅपिलरीतल्या सगळ्या द्रवाचं पुढे वाहणं) बदलत राहतो आणि शिखरं दर धावेला मागे-पुढे होतात. अल्कली दिवस संपताना.

इंजेक्शन ५० मिलिबार, ५ सेकंद. हे साधारण ६ नॅनोलिटर होतात. कॅपिलरीची एकूण धारणा १.२ मायक्रोलिटर आहे हे लक्षात घेतलं तर जास्त टोचण्याचा लोभ का महागात पडतो ते कळेल. विद्युतदाब २५ किलोव्होल्ट, धन टोक प्रवेशाकडे. विद्युतप्रवाह ३० मायक्रोॲम्पियरच्या आसपास दिसेल. ५० च्या वर गेला तर बफर चुकला आहे. शोधक २३० नॅनोमीटर, सोबत २८४ही नोंदवा. २०० वर शिखर मोठं दिसतं खरं, पण तिथे ॲसिटेटही शोषतो आणि पायारेषा थरथरते.

या मांडणीत परासरणी प्रवाह सगळ्यांना शोधकाकडे ढकलतो आणि डाईक्लोरप्रॉपचा आयन त्याच्या उलट पोहतो. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत बसलेला रेणू जड होतो, कमी जोराने पोहतो, म्हणून जास्त घट्ट बसणारं रूप आधी येतं. आतून लेप लावलेली कॅपिलरी आणि उलटी ध्रुवता वापरली की हाच क्रम पलटतो. त्यामुळे कोणतं शिखर कोणाचं हे दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. शुद्ध आर-रूप, म्हणजे डाईक्लोरप्रॉप-पी, नमुन्यात थोडं घाला आणि कोणतं शिखर वाढतं ते पाहा.

पृथक्करण (दोन शिखरांमधलं अंतर, त्यांच्या रुंदीच्या तुलनेत) १.५ पेक्षा कमी असेल तर आधी सायक्लोडेक्स्ट्रिन १० ते ४० मिलिमोलरमध्ये पाच पायऱ्यांनी बदलून पाहा. जास्त म्हणजे चांगलं असं नाही, दोन्ही रूपं पूर्ण बांधली गेली की फरक पुन्हा मिटतो. त्यानंतर हायड्रॉक्सिप्रोपिल-बीटा आजमावा. विद्युतदाब शेवटी.

आकडा काढताना

कॅपिलरीत हळू चालणारा पदार्थ शोधकासमोर जास्त वेळ राहतो, म्हणून त्याचं क्षेत्रफळ उगाच मोठं दिसतं. पहिलं शिखर १४.० आणि दुसरं १४.४ मिनिटांना आलं तर समसमान मिश्रणातही कच्च्या क्षेत्रफळांवरून ०.४९३ आणि ०.५०७ येतं. प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या वेळेने भागा, मगच अंश काढा. रोज सुरुवातीला समसमान प्रमाणित द्रावण चालवा. ते ०.४९ ते ०.५१ मध्ये बसलं नाही तर नमुना लावू नका.

२३० आणि २८४ वरच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर दोन्ही शिखरांसाठी प्रमाणित द्रावणाइतकंच यायला हवं. एकाचं वेगळं आलं तर त्याच्याखाली ह्युमिक किंवा फल्व्हिक पदार्थाचा उंचवटा लपला आहे, आणि तुमची 'जिवाणूंची निवड' म्हणजे तोच उंचवटा.

आता २,४-डी. संशयास्पद नमुन्यात ५ मिग्रॅ प्रतिलिटर टाकून धाव घ्या. त्याला आरशातलं रूप नाही, म्हणून एकच शिखर आलं पाहिजे. तेही दुभंगलं तर जोडी वेगळी झालेली नाही, शिखर फाटलं आहे: नमुन्यात मीठ किंवा द्रावक जास्त आहे, टोक वाकडं कापलंय, नाहीतर पट्टा फार लांब टोचला. उसाच्या शेतातल्या मातीत ते आधीच असू शकतं, तेव्हा अंतर्गत प्रमाण (दर नमुन्यात ठरावीक मात्रेत घालायचा तुलनेचा पदार्थ) म्हणून ते वापरू नका. त्यासाठी फिनॉक्सिॲसेटिक आम्ल बरं, आणि तेही कोऱ्या मातीचा अर्क पाहून घेतल्यावर.

एक रूप दुसऱ्यात बदलत तर नाही ना, हे पाहायला शुद्ध आर-रूप वेगळ्या भांड्यात मुरवा. काही दिवसांनी एसचं शिखर उगवलं तर मातीत रूपांतर चालू आहे आणि साधा प्रथम-श्रेणी ऱ्हास (जितकं उरलं त्याच्या प्रमाणात घटतं असं गणित) लावून चालणार नाही.

पावसाळ्यातल्या अडचणी

जूनपासून उच्च दाबाच्या टोकांवर दमट हवा बसते. विद्युतप्रवाहाच्या रेषेवर अचानक काट्यासारखे उभे ठिपके येतात, कधी चटचट आवाज येतो आणि यंत्र बंद पडतं. ही ठिणगी. समुद्राकाठच्या इमारतीत इलेक्ट्रोडच्या बुडाशी पांढरं मीठही साचतं. इलेक्ट्रोड आणि कुप्यांची झाकणं रोज पाण्याने, मग मिथेनॉलने पुसून कोरडी करा, आर्द्रता-शोषक यंत्र लावून खोली ६० टक्क्यांखाली ठेवा. थंड कॅसेट दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं, म्हणून आधी तिला खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

विद्युतप्रवाह एकदम शून्यावर गेला तर बहुधा बुडबुडा. बफर गाळून २ मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा. दोन्ही कुप्यांतली पातळी सारखी ठेवा, नाहीतर सायफनने द्रव आपोआप वाहतो. सहा-आठ धावांनंतर दोन्ही कुप्या बदला, कारण विद्युत्-अपघटनाने एकीकडे आम्ल आणि दुसरीकडे अल्कली साचून पीएच सरकतो.

मेटालॅक्सिलकडे वळताना

द्राक्षाच्या केवड्यावर फवारलं जाणारं मेटालॅक्सिल जास्त जणांच्या कामाचं आहे. त्यातही आर-रूपच बुरशी मारतं, आणि 'मेटालॅक्सिल-एम' नावाने तेच विकलं जातं. पण त्याला भार नाही, म्हणून उदासीन सायक्लोडेक्स्ट्रिन त्याला हलवू शकत नाही. तिथे भारित, सल्फेट किंवा सक्सिनिल लावलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन घ्यावं लागतं आणि त्याच्यामुळे विद्युतप्रवाह वाढतो, म्हणून दाब १५ किलोव्होल्टपासून सुरू करा. मातीचा पीएच मात्र न चुकता नोंदवा. हवेशीर मातीत पीएच ५ च्या वर आर-रूप आधी संपतं, ४ ते ५ मध्ये दोन्ही जवळपास बरोबरीने, आणि ४ च्या खाली एस आधी. नाशिकची काळी माती आणि कोकणातली आम्लधर्मी माती शेजारी शेजारी मुरवली तर असा फरक पडतो का, हे एकाच यंत्रावर पाहता येईल.

काम संपल्यावर कॅपिलरी बफरात सोडून घरी जाऊ नका. सायक्लोडेक्स्ट्रिन टोकाशी सुकून दगडासारखं बसतं आणि सकाळी दाब देऊनही थेंब निघत नाही. पाणी १० मिनिटं, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५, पुन्हा पाणी १०, मग हवा ५ मिनिटं. दोन्ही टोकं पाण्याच्या कुपीत बुडवून ठेवायची ती फक्त एका रात्रीपुरती, त्याहून जास्त सुट्टी असेल तर कोरडीच ठेवा.